टोपीवाली ई

पाटीवाल्या ताईंना राग यायला कारण लागत नसे, फक्त समोर कोणीतरी उभं असावं लागे. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत कोणी ना कोणी उभं असायचंच, त्यामुळे तीही अडचण नव्हती. "एक दिवस तुमच्या दुकानाला काडी लावीन" हे वाक्य त्यांनी औषधवाल्याला ऐकवलं होतं, सायकलवाल्याला ऐकवलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरांना तर त्यांच्याच खुर्चीत बसून, तोंडात कापसाचे दोन बोळे असताना ऐकवलं होतं. कोणी मनावर घेत नसे. ज्या बाईच्या दुकानात टर्पेंटाइनचे एवढे डबे आहेत की चहा ठेवतानासुद्धा ती आधी चारी बाजूंना बघून घेते, ती कसली काडी लावणार?

वय बावन्न. चष्मा कपाळावर, ब्रश कानामागे आणि धाकटा भाऊ डोक्यावर, अशी त्यांची मूर्ती. लग्न करायचं राहून गेलं. एकदा कोणी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "याला कुठे ठेवणार होते?" 'हा' म्हणजे धाकटा, वय वर्षं एकोणचाळीस, एक बायको, दोन जोड चपला, आणि स्वभाव असा की त्याच्यावर चिडायला बसलं की आपल्यालाच हसू फुटावं. आणि मग त्या हसण्याचा राग यावा.

दुकान अण्णांचं, म्हणजे या दोघांच्या वडिलांचं. अण्णांनी त्या भागातल्या निम्म्या पाट्या रंगवल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या मुलांसाठी ठेवल्या होत्या. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. शुद्धलेखन मात्र शिंपल्यातच राहिलं होतं. त्यातही त्यांचा एक शब्द खास. 'इशारा' ते 'ईशारा' असा लिहीत. लहानपणी ताई शाळेतून रडत आल्या होत्या, की इशाऱ्यातली इ ऱ्हस्व असते आणि मला बाईंनी बाकावर उभं केलं. अण्णांनी ब्रश खाली न ठेवता सांगितलं, "ऱ्हस्व इ बोडकी असते. दीर्घ ईला टोपी असते. टोपी नसलेल्या शिपायाला कोण भितं?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी पुन्हा 'ईशारा' लिहिला आणि आपण होऊन बाकावर चढल्या. तेव्हापासून बापाची चूक ही चूक राहिली नाही, घराण्याची रीत झाली. पुढे अण्णा गेले, तरी कुत्र्यापासून सावध राहण्याचा, खांबाला हात न लावण्याचा आणि फाटकासमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्याचा, असा तिथला प्रत्येक ईशारा टोपी घालूनच उभा राहिला.

आता ही टोपी एक दिवस गळ्याशी येईल असं कोणाला वाटलं असतं?

सोमवारी संध्याकाळी लाकडाच्या वखारीची मागची शेड जळाली. जीव कोणाचा गेला नाही, पण शेड गेली आणि आतलं सागवान गेलं. त्याआधी शुक्रवारी वखारीच्या भिंतीवर कोणीतरी एक कागद डकवून गेलं होतं. तो कागद घेऊन फौजदार मंगळवारी सकाळी ताईंच्या दुकानात आले आणि त्यांनी तो टेबलावर पसरला. काळा रंग, ब्रशने काढलेली वीतभर अक्षरं:

ईशारा. वखारीत आग.

ताईंनी पाहिलं. टोपी. अण्णांच्या वळणाची, उजवीकडे किंचित झुकलेली टोपी. आणि टोपीच्या मधोमध वाटाण्याएवढी एक काळी गाठ, ब्रशने रंग जास्त उचलला की पडते तशी. ब्रशने रंग जास्त उचलणारा जगात एकच माणूस ताईंना ठाऊक होता आणि तो त्या क्षणी माडीवर झोपला होता.

"तुम्ही या कामातल्या जाणत्या," फौजदार म्हणाले. "अक्षर कोणाचं वाटतं?"

"कोणाचंही असेल."

"कोणाचंही म्हणजे?"

"म्हणजे ज्याला हात आहे त्याचं."

"तुमच्या घरातलं नाही?"

"आमच्या घरातलं असतं तर ओळ सरळ आली असती."

फौजदार हसले नाहीत. त्यांना टोपीबिपीतलं काही कळत नव्हतं, एवढंच नशीब. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "हेच लिहून द्या आणि सही करा."

ताईंनी लिहिलं, 'सदर अक्षर आमच्या घरातील कोणाचेही नाही.' सही केली. ताईंनी आजवर भांडणं पुष्कळ केली होती, पण खोटं लिहून कधी दिलं नव्हतं. पाटीवर 'शुद्ध तूप' लिहायचं असलं तरी त्या आधी डबा उघडून वास घेत. फौजदार गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सही धाकट्याच्या सहीसारखी आली होती.

आता संशय यायला जागा होती का? होती, चांगली ऐसपैस होती. महिन्यापूर्वी वखारवाल्यांनी ओलं लाकूड दिलं, त्याची पाटी पापडासारखी वळली, म्हणून ताई वखारीत जाऊन त्यांना काडी लावण्याचं नेहमीचं वाक्य ऐकवून आल्या होत्या. त्यानंतर धाकटा गेला, तर वखारवाल्यांनी चार माणसांत त्याला "फळी चोरलीस" म्हटलं. धाकटा आयुष्यात कोणावर रागावला नव्हता, पण त्या दिवशी "बघून घेईन" म्हणून आला होता. आणि सोमवारी, आग लागली त्या संध्याकाळी, तो साडेआठला घरी आला तो मनगटापर्यंत काळे हात घेऊन.

"काय रे हे?" ताईंनी विचारलं होतं.

"काम."

"कसलं काम?"

"काळं," असं म्हणून तो हात धुवायला गेला होता. त्या वेळी ताईंना तो नेहमीचा वाह्यातपणा वाटला होता.

फौजदार गेल्यावर ताई माडीवर गेल्या. धाकटा अंघोळीला गेला होता. खुंटीवरचा त्याचा शर्ट त्यांनी नाकाला लावला. तेवढ्यात भावजय आत आली.

"ताई, शर्ट धुवायचाय का?"

"वास बघतेय."

"कसला?"

"जळका."

"मग तो कालच्या भाजीचा असेल," भावजय खालच्या आवाजात म्हणाली. "पण ती तर तुम्ही दोनदा वाढून घेतली होती."

शर्टाला टर्पेंटाइनचा वास होता. पडद्याला होता, उशीला होता, भावजयीच्या वेणीलासुद्धा होता. या घरात कोणी अख्खं जंगल जाळून आलं असतं तरी वासावरून कळलं नसतं.

सरळ विचारणं शक्य होतं. दुसरी कोणी असती तर तिने विचारलं असतं, "तू लावलीस का आग?" ताई जगाला वाट्टेल ते विचारत, पण हे त्यांच्या ओठांवर येऊन परत जाई. त्याऐवजी त्यांनी युक्ती केली. बुधवारी त्याच्यापुढे एक फळी टाकून म्हणाल्या, "एक पाटी कर. ईशारा, रंग ओला आहे, हात लावू नये."

धाकट्याने ब्रश उचलला, एकदा ताईंकडे चोरून बघितलं आणि लिहिलं: इशारा. बोडका. शाळेतल्या बाईंनी कडेवर घेतला असता असा शुद्ध.

"टोपी कुठाय?"

"ऱ्हस्वच असते ती, ताई. शुद्ध लिहावं माणसाने."

"हे कधीपासून?"

"आजपासूनच म्हटलं सुरुवात करू."

जो माणूस 'आशीर्वाद' तीन प्रकारे लिहितो आणि तिन्ही चुकवतो, त्याला आजच्या आज शुद्धलेखनाचा उमाळा यावा? ताई तिथून उठल्या त्या उरलीसुरली शंका तिथेच टाकून. आता त्यांना खात्रीच झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर व्याकरण उगवलं होतं.

गुरुवारी दुपारी त्या एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला निघाल्या. कोपऱ्यावरच्या बंगल्याशी त्यांचे पाय थबकले. 'इशारा. कुत्र्यापासून सावध.' टोपी गायब. जिथे टोपी होती तिथे ओला पांढरा रंग. पुढे विजेचा खांब: बोडका. त्यापुढचं फाटक: बोडकं. ताई चालत गेल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अण्णांचे सगळे शिपाई टोप्या काढून उभे, जणू कोणाची मयत चालली आहे. दवाखान्याच्या पायरीवर येऊन त्या बसल्या.

"भावाला कामाला लावलंत वाटतं," दातांचे डॉक्टर दारात येऊन म्हणाले. "दुपारभर शिडी घेऊन फिरतोय. माझ्याही पाटीची टोपी काढून नेली. मी म्हटलं, का रे, तर म्हणे, उन्हाळ्याचं."

शिडी खांद्यावर असलेल्या माणसाला जगात कोणी अडवत नाही, हे अण्णांचं वाक्य. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हा माणूस पुरावा पुसत होता आणि लोक त्याला पाणी विचारत होते. गुन्हा करायचा तो करायचा, वर तो झाकायला सगळ्या वस्तीत दवंडी पिटायची. गुन्ह्याचं सोडा, पण हा बावळटपणा कुठून आला? आपल्या घरात तर कोणी असा नव्हता. मग त्यांना आपण सही करून दिलेला कागद आठवला आणि त्या उठून चालू लागल्या.

त्याचा गळा दाबायचा असं ठरवूनच त्या घरी आल्या. पण गळा घरी नव्हता.

"चौकीवर गेलेत," भावजय म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "कोणी बोलावलं नव्हतं. आपण होऊन गेलेत. जाताना दाढी केली."

दाढी केली म्हटल्यावर ताई आल्या पावली वळल्या. धाकटा स्वतःच्या लग्नात दाढी करायला विसरला होता.

चौकी दहा मिनिटांवर होती. त्या दहा मिनिटांत ताईंनी त्याला मनातल्या मनात सात वेळा बदडलं आणि आठव्यांदा ठरवलं की आपण सांगायचं, कागद मी लिहिला, काडी मी लावली. सगळं जग साक्ष देईल की ही बाई काडी लावण्याच्या गोष्टी करते. आपल्यामागे रडणारं कोणी नाही. त्याची बायको तरुण आहे. आणि तुरुंगात त्याला ब्रश धुवायला कोण सांगेल?

चौकीत फौजदार दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. समोर धाकटा, गुळगुळीत दाढी करून, वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा बसला होता.

"या," फौजदार म्हणाले. "तुमच्या भावाने गुन्हा कबूल केलाय. ऐका आता. काय हो, शेडमध्ये शिरलात कुठून?"

"दारातून," धाकटा म्हणाला.

"दाराला कुलूप होतं."

"मग खिडकीतून."

"शेडला खिडकी नाही."

"मग तुम्हीच सांगा ना साहेब. शेड तुम्ही पाहिलीय."

फौजदारांनी ताईंकडे बघितलं. त्या नजरेत एका त्रासलेल्या माणसाने दुसऱ्या त्रासलेल्या माणसाला ओळखल्याची खूण होती. "अर्धा तास हे चाललंय. आणि फ्लेक्स छापणारा आत्ताच सांगून गेला, सोमवारी सहा ते आठ हा त्याच्या मशीनवर होता. महिनाभर जातोय. शाई भरायला शिकतोय."

ताईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. फ्लेक्स. ज्या मशीनने अण्णांची निम्मी गिऱ्हाइकं गिळली, त्या मशीनच्या पोटात हा शाई ओतत होता.

"साहेब, हे हिच्यासमोर काढायचं नव्हतं," धाकटा कळवळून म्हणाला. "मी आग कबूल केली होती ना."

"थोबाड बंद ठेव," ताई म्हणाल्या. "मग टोप्या कशाला काढल्यास?"

"तुझी टोपी होती कागदावर, भिंतीवर होता तेव्हाच पाहिली मी. साहेब दोन गल्ल्या फिरले असते तरी त्यांना कळलं असतं कोणाचं घर ते. म्हटलं, सगळ्यांच्याच काढू, मग कोणाची ते कळायचं नाही."

"माझी?"

"तूच म्हणालीस ना वखारवाल्याला, काडी लावीन."

"मी सगळ्यांनाच म्हणते."

"तेच तर. म्हटलं कधीतरी एखाद्याचा नंबर लागणारच."

फौजदार ताठ बसले. "याने आग लावलेली नाही, आणि हा तुम्हाला वाचवायला आलाय," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही मला लिहून दिलंत, अक्षर आमच्या घरातलं नाही. हा म्हणतो, आहे. दोघांतलं खोटं कोण?"

"मी," ताई म्हणाल्या. "मला याचं वाटलं. म्हणून खोटं लिहून दिलं."

"माझं?" धाकट्याचा चेहरा एकदम उतरला. "ताई, माझी टोपी अशी येते?"

"गाठ बघ ना तिच्यावरची. रंगाचा डबा पालथा केल्यासारखी."

"हे काहीही हं. मी आज सत्तावीस टोप्या काढल्या, एकीचा ओघळ दाखव. फक्त वखारीच्या फाटकाच्या आतली पाटी बिघडली, पण तिथे माझा काय दोष? टोपीच्या मधोमध कोणीतरी खिळा ठोकलाय. खरवडताना पात्याचं टोक गेलं."

"अण्णांच्या पाटीवर खिळा ठोकला?" ताई सवयीने भडकल्या. मग भडकता भडकता थांबल्या. "काय लिहिलंय रे त्या पाटीवर?"

"तेच आपलं. ईशारा. वखारीत आग पेटवू नये."

ताईंनी हात पुढे केला. फौजदारांनी कागद दिला. ताईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, जे त्यांनी मंगळवारी केलं नव्हतं, कारण मंगळवारी त्यांनी अक्षर बघितलंच नव्हतं, भाऊ बघितला होता. वाटाण्याएवढी गाठ. टोपीच्या बरोबर मधोमध.

"गिरवलंय," त्या म्हणाल्या. "पाटीवर कागद ठेवून गिरवलंय. त्या गाढवाला खिळा आणि अक्षर यातला फरक कळला नाही, त्याने खिळासुद्धा गिरवला. आणि शेवटचे दोन शब्द गाळले."

फौजदारांनी कागद घेतला आणि टोपी चढवली. पाटी फाटकाच्या आतल्या बाजूला होती. तिच्यावर कागद धरून तासभर गिरवत बसायचं तर माणूस वखारीतलाच हवा. संध्याकाळपर्यंत निघालं ते असं: वखारवाल्यांचा मेहुणा मागची शेड सांभाळायचा. त्याने त्यातलं सागवान परस्पर विकलं होतं, आणि आता माल बघायला कोणीतरी येणार म्हणताना त्याला वाटलं, नसलेलं लाकूड जळून गेलं तर बरं. लोकांनी पाटीवाल्यांकडे बोट दाखवावं म्हणून अक्षर पाटीवाल्यांचं.

शुक्रवारी वखारवाले स्वतः दुकानात आले. ताई वाटच बघत होत्या. त्यांच्याजवळ चार दिवसांचं साठवलेलं भांडण होतं, असं, की त्याने रस्त्याच्या टोकाच्या माणसाच्याही कानठळ्या बसाव्यात.

"तुम्हाला माहीत होतं ना?" त्यांनी विचारलं.

वखारवाले पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "कागद पाहिला तेव्हाच खिळा ओळखला. मीच ठोकलेला. कुलपाची चावी टांगायला."

"मग बोलला का नाहीत?"

"बायकोचा एकुलता एक भाऊ आहे हो. म्हटलं, नसेल त्याने केलं. म्हटलं, तुमचं काय, तुम्ही निभावून न्याल."

इथे ताईंचं भांडण सुरू व्हायचं होतं. शब्द सगळे हजर होते. पण आपणही एका कागदावर सही केली होती. आपल्या सहीने दुसऱ्या कोणाच्या भावाच्या हातात बेड्या पडल्या असत्या तर ती सही आपण मागे घेतली असती का?

"लाकूड सुकवून देत जा," एवढंच त्या म्हणाल्या. वखारवाले इतके घाबरले की जाताना एक पायरी चुकले.

धाकटा दोन दिवस बोलला नाही. हे त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. बोलायचं थांबला की तो हमखास शिटी वाजवायचा, तीही बंद होती. शेवटी भावजय दोघांच्या मधे चहाचे कप ठेवून म्हणाली, "तुम्हा दोघांना एकमेकांसाठी तुरुंगात जायला वेळ होता. साधं विचारायला नव्हता?" आणि आत निघून गेली.

चहावर साय धरली तरी कपाला कोणी हात लावला नाही.

"तुला खरंच वाटलं, मी लावली?" धाकटा म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या. "तुला?"

"मला पण."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू हो म्हणाली असतीस तर?" तो म्हणाला. "पुढे काय करायचं ते सुचेना. म्हणून शिडी घेतली."

ताईंनी शर्टाचा वास घेतला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. त्याला भावजयीकडून कळलंच असणार. त्यांनी चहा उचलला. तो गार झाला होता आणि त्यावर कोणाला तरी बोलता आलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत.

"त्या फ्लेक्सवाल्याकडे पुन्हा जायचं असेल," त्या म्हणाल्या, "तर सांगून जायचं."

"जाऊ म्हणतेस?"

"जा म्हटलं नाही मी. सांगून जा म्हटलं."